'कँडिड'ची कुळकथा: इंग्रजी विशेषणाची व्युत्पत्ती पायरीपायरीने कशी शोधायची

भाचीच्या लग्नात फोटोग्राफर आईला म्हणाला, "आजी, कॅमेऱ्याकडे बघू नका. कँडिड घेतोय." आई हातातल्या अक्षता तशाच मुठीत धरून माझ्याकडे वळली. "कँडिड म्हणजे काय गं?" मी सांगितलं, "नकळत काढलेला फोटो." "अगं, पण आत्ताच तर सांगितलं त्यानं," आई म्हणाली.

घरी आल्यावर इंग्रजी-मराठी कोश उघडला. तिथे 'कँडिड'समोर अर्थ होते: मनमोकळा, सरळ, निःपक्षपाती. फोटोचा पत्ताच नव्हता. मनमोकळं बोलणं, पंचासारखं निःपक्षपाती असणं आणि कॅमेऱ्याकडे न बघणं, हे तिन्ही एकाच शब्दात कसं काय मावलं? याचं उत्तर शोधताना जी पद्धत हाताला लागली ती इथे मांडते. 'कँडिड' हा नमुना आहे. लॅटिनमधून आलेल्या कुठल्याही इंग्रजी विशेषणाला हीच पद्धत लावता येते. भाषांतर करणाऱ्यांना तर तिची गरज आहेच, कारण व्युत्पत्ती न बघता केलेलं भाषांतर कधीकधी अर्थाच्या नेमकं उलट जातं. त्याचं उदाहरण पुढे येईल.

पहिली पायरी: आजचे अर्थ लिहून काढा

कोश उघडण्याआधी तो शब्द तुम्ही स्वतः कुठेकुठे ऐकलाय ते एका कागदावर लिहा. 'कँडिड'साठी माझ्या कागदावर तीन ओळी होत्या: लग्नातला फोटो, मुलाखतीतलं दिलखुलास बोलणं, आणि 'कँडिड कॅमेरा' हा दूरदर्शनवरचा प्रकार. हा कागद जपून ठेवा. शोध संपल्यावर यातली प्रत्येक ओळ कुठल्या फांदीवर बसते ते दाखवता आलं पाहिजे. एखादी ओळ कुठेच बसत नसेल तर मधला एखादा दुवा सुटलाय असं समजा.

दुसरी पायरी: कोश निवडा आणि त्याच्या खुणा वाचायला शिका

सुरुवातीला फुकट मिळणारे दोन कोश पुरतात: 'ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी' आणि 'विक्शनरी'. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'ला पैसे पडतात, पण प्रत्येक अर्थाचा जुन्यात जुना सापडलेला वापर सालासकट तिथे मिळतो, त्यामुळे एखाद्या ग्रंथालयात ती बघायला मिळाली तर सोडू नका. यानंतर मूळ भाषेचा कोश हवा. लॅटिनसाठी लुइस आणि शॉर्ट यांचा 1879 चा कोश 'पर्सियस' या संकेतस्थळावर खुला आहे. संस्कृतसाठी मोनिअर-विल्यम्स यांचा 1899 चा. मराठीसाठी मोल्सवर्थ आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश'. मोल्सवर्थ आणि टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

खुणा दोनच लक्षात ठेवा. डावीकडे टोक असलेला बाण म्हणजे 'यावरून आला'. शब्दाआधी चांदणी असेल तर तो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी तुलनेने तो बांधलेला आहे. चांदणीवाल्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण तो पुरावा नसून अनुमान आहे हे विसरू नका.

माझा नियम असा, की दोन कोशांची साक्ष जुळल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही, आणि त्यातला एक कोश मूळ भाषेचाच हवा.

तिसरी पायरी: शब्द फोडा

'कँडिड' हा लॅटिन 'कान्दिदुस'चा इंग्रजी अवतार. लॅटिनमध्ये तिथे 'क'च उच्चारायचे. फोड केली की दोन तुकडे पडतात: 'कान्द' आणि 'इदुस'. पहिला तुकडा 'कान्देरे' या क्रियापदातला आहे. त्याचा अर्थ चमकणं, तापून पांढरं-लाल होणं, झळकणं. दुसरा तुकडा प्रत्यय आहे. एखाद्या स्थितीत असणं दाखवणाऱ्या क्रियापदापासून लॅटिन याच प्रत्ययाने विशेषण करते.

इथे जरा थांबा, कारण हा प्रत्यय म्हणजे किल्लीच आहे. भिणं या क्रियापदापासून टिमिड, थिजून बधिर होणं यापासून स्टुपिड, ताठ असणं यापासून रिजिड, आंबट असणं यापासून ॲसिड, ओलसर असणं यापासून ह्युमिड. स्प्लेंडिड, लिक्विड आणि फ्रिजिड हीही त्याच साच्यातली. साचा एकदा ओळखता आला की अनोळखी शब्दाचाही अंदाज बांधता येतो. मात्र शेवटी 'इड' ऐकू आलं म्हणून लगेच हा प्रत्यय लावू नका. 'हायब्रिड'मध्ये तो नाही, तिथे अख्खा शब्दच लॅटिन नाम आहे. म्हणून फोड केल्यावर मागे उरलेला तुकडा मूळ भाषेत स्वतंत्रपणे सापडतो का, हे दरवेळी बघा.

चौथी पायरी: मूळ भाषेत थोडे दिवस राहा

बहुतेक जण इथे घाई करतात. 'कान्दिदुस म्हणजे पांढरा' एवढं लिहून घेतात आणि पुढे निघतात. पण लॅटिनमध्ये पांढऱ्यासाठी दोन शब्द होते, आणि सगळी गंमत त्या दोघांमधल्या फरकात आहे.

'आल्बुस' म्हणजे निस्तेज पांढरा, 'कान्दिदुस' म्हणजे झळाळता पांढरा. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यावर भाष्य लिहिणारा सर्वियस हे सरळ सांगतो: कान्दिदुसमध्ये एक चमकता प्रकाश भिनलेला असतो, आल्बुस मात्र फिकटपणाच्या जवळचा. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. भीतीने चेहरा पांढराफटक पडतो, तो पांढराशुभ्र पडला असं आपण कधी म्हणत नाही. आणि धुऊन वाळत घातलेलं धोतर पांढरंशुभ्र दिसतं. पांढराफटक हा आल्बुस, शुभ्र हा कान्दिदुस. काळ्याचंही तसंच. लॅटिनमध्ये 'आतेर' हा निस्तेज काळा आणि 'निगेर' हा तकतकीत काळा. आपल्याकडे अंधार काळाकुट्ट आणि केस काळेभोर.

पांढऱ्यावरून प्रामाणिकपणाकडे जाणारा रस्ताही लॅटिनमध्येच तयार झालेला होता. इ. स. पूर्व पहिल्या शतकातला कवी होरेस एका पत्रात आपल्या मित्राला 'माझ्या लेखनाचा कान्दिदुस न्यायाधीश' म्हणतो, म्हणजे मनात किल्मिष न ठेवता वाचणारा, न्यायाने पारखणारा. असं वळण आपल्या भाषेतही आहे. 'शुभ्र' आणि 'शुभ' दोन्ही 'शुभ्' या चमकण्याच्या धातूचे. 'उजळ' हा 'उज्ज्वल'वरून आलेला, त्यात जळण्याचा 'ज्वल्' आहे, आणि उजळ माथ्याने वावरतो तो, ज्याला लपवण्यासारखं काही नाही. लॅटिन आणि मराठी दोघींनी स्वच्छ मनाला प्रकाशाचं विशेषण दिलं, पण ते आपापल्या वाटेने. एकीकडून दुसरीकडे ते गेलेलं नाही.

आता रोमचा टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र. साधा टोगा लोकरीच्या मूळ रंगाचा असे. निवडणुकीला उभा राहणारा रोमन तो खडूची पूड चोळून झगझगीत पांढरा करी आणि मग लोकांमध्ये फिरे. त्या वस्त्राला 'टोगा कान्दिदा' म्हणत आणि ते घालणाऱ्याला 'कान्दिदातुस'. इंग्रजी 'कँडिडेट' तिथून आला. इतिहासकार लिव्ही सांगतो की इ. स. पूर्व 432 मध्ये मतं मागण्यासाठी कपडे पांढरे करायला बंदी घालणारा कायदा झाला होता. तो फार टिकला नसावा, कारण इ. स. पूर्व 64 मध्ये कॅटिलाइन आणि अँटोनियस या प्रतिस्पर्ध्यांवर सिसेरोने केलेलं भाषण 'टोगा कान्दिदामधलं' या नावानेच ओळखलं जातं.

हे वाचून आपल्याकडच्या पुढाऱ्यांची पांढरी खादी आठवते, पण ती या साखळीत ओवू नका. तिचा उगम निराळा आहे, आणि नुसतं साम्य म्हणजे वंश नव्हे. आपला शब्द 'उमेदवार' आहे, फारसी 'उमेद'वरून: ज्याला आशा आहे तो. रोमनांनी त्या माणसाचे कपडे पाहिले, फारसीने त्याचं मन.

पाचवी पायरी: सालं टाकत अर्थांची उतरंड रचा

इंग्रजीत 'कँडिड' आला तो 17 व्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, आणि सुरुवातीला त्याचा अर्थ खरोखरच 'पांढरा' होता. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात पहिला अर्थ 'पांढरा' हाच दिलाय, पण तो फार क्वचित वापरला जातो असंही तिथे लिहिलंय. दुसरा अर्थ: ज्यात द्वेष नाही, कपट नाही, असा सरळ. म्हणजे 1755 पर्यंत रंग जवळपास उडाला होता आणि स्वभाव मागे राहिला होता.

एक वही घ्या. डावीकडे साल, उजवीकडे प्रत्यक्ष वापर. माझ्या वहीतल्या पुढच्या नोंदी अशा.

1776. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी सुरू होण्याआधी म्हटलंय की ही तथ्यं 'कँडिड जगा'पुढे ठेवली जात आहेत. हे जग दिलखुलास बोलणारं नाही. ते ऐकून घेणारं आहे, पूर्वग्रह न धरता निवाडा करणारं. इथे मराठीत 'निःपक्षपाती जग' असंच यायला हवं.

1798. जॉर्ज कॅनिंग एका उपहासकाव्यात देवाला विनवतो, की उघड शत्रू परवडला, पण मला 'कँडिड मित्रा'पासून वाचव. पुढे हा शब्दप्रयोग हिताचं सांगण्याच्या निमित्ताने टोचून बोलणाऱ्या मित्रासाठी रूढ झाला. इथे शब्दाचा तोल ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडे झुकू लागलेला दिसतो.

1813. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये एलिझाबेथ आपल्या बहिणीला, जेनला, 'कँडिड' म्हणते, आणि त्याचा अर्थही तिथेच उलगडून सांगते: प्रत्येकाच्या स्वभावातलं चांगलं तेवढं उचलायचं, ते आणखी चांगलं करून दाखवायचं, आणि वाईटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आता आजचा कोश समोर ठेवून या 'कँडिड'चं भाषांतर 'स्पष्टवक्ती' असं केलं तर काय होईल? कुणाबद्दल वावगा शब्द न काढणारी जेन तोंडावर बोलणारी होऊन बसेल. तिचा अख्खा स्वभाव उलटा होतो, आणि पुढे कथानकात तिच्या अबोल चांगुलपणामुळे जे घडतं त्याला आधारच उरत नाही. हवा असलेला शब्द 'निर्मळ मनाची' किंवा 'गुणग्राही'. व्युत्पत्तीच्या वहीत साल का लिहायचं, ते या एका वाक्यावरून मला पटलं.

यानंतर मोठी उडी विसाव्या शतकात. 1920 च्या दशकात 'एर्मानॉक्स'सारखे छोटे कॅमेरे निघाले. त्यांची भिंगं इतका प्रकाश आत घेत की खोलीतल्या दिव्यांवर, फ्लॅशशिवाय फोटो निघे. जर्मन छायाचित्रकार एरिश सालोमोन 1928 पासून असा कॅमेरा लपवून न्यायालयांत आणि राजनैतिक बैठकांत शिरू लागला. मोठमोठे मंत्री डुलक्या घेताना, एकमेकांच्या कानाला लागताना त्याच्या चित्रांत सापडले. लंडनच्या 'द ग्राफिक' या साप्ताहिकाने अशा चित्रांसाठी 'कँडिड कॅमेरा' हा शब्द वापरला. विचार सरळ होता: समोर बसवून काढलेल्या फोटोत माणूस आपल्याला हवा तसा दिसतो, हा कॅमेरा मात्र आडपडदा न ठेवता जे आहे तेच सांगतो. म्हणजे कँडिड होता तो कॅमेरा, फोटोतला माणूस नव्हे. 1948 मध्ये ॲलन फंटने अमेरिकेच्या दूरदर्शनवर लपवलेल्या कॅमेऱ्याचा कार्यक्रम आणला, पुढे त्याला हेच नाव मिळालं आणि 'नकळत' हा अर्थ घरोघरी पोचला. तिथून लग्नाच्या दरपत्रकापर्यंतचं अंतर थोडंच. पहिल्या पायरीवरच्या कागदावरची शेवटची ओळही आता जागेवर बसली.

सहावी पायरी: गोतावळा गोळा करा, पण रक्ताचं नातं आणि उसनवारी वेगळी ठेवा

लॅटिन 'कान्देरे'ची इंग्रजीतली माणसं भराभर सापडतात. 'कँडल' ही फार जुनी उसनवारी, जुन्या इंग्रजीत चर्चच्या लॅटिनमधून आलेली. 'शँडेलियर' फ्रेंचमार्गे आलं. 'इनकँडेसंट' म्हणजे तापून झळकणारा, आपला जुना पिवळा बल्ब. 'इन्सेन्स' म्हणजे जाळायचा धूप. प्रकाशाची तीव्रता मोजण्याच्या एककाला 1948 मध्ये 'कँडेला' हे नाव मिळालं. तोंडात पांढरा थर आणणाऱ्या बुरशीचं शास्त्रीय नाव 'कँडिडा अल्बिकन्स', त्यात तर मघाचे दोन्ही पांढरे शेजारीशेजारी बसलेत.

आता मराठीकडे. आकाशकंदील. 'कंदील' आपल्याकडे फारसीतून आला, फारसीत अरबी 'किंदील'वरून, आणि अरबी शब्दाचा माग काढत गेलं की ग्रीकमार्गे लॅटिन 'कान्देला'पाशी पोचतो. म्हणजे मेणबत्तीचा रोमन शब्द भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने, हातोहात, दिवाळीत आपल्या गॅलरीत येऊन टांगला गेला. ही उसनवारी आहे: वस्तू फिरली, तिच्याबरोबर नावही फिरलं.

दुसरं नातं मात्र रक्ताचं. संस्कृत 'चंद्र' आणि लॅटिन 'कान्दिदुस' एकाच आदिम धातूचे वंशज मानले जातात. कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. वेदांत 'चन्द्र' हे मुळात विशेषण आहे, अर्थ झळाळता. आकाशातल्या गोलाचं जुनं नाव 'मास्', जे आपल्या 'मास' म्हणजे महिन्यात शिल्लक आहे, आणि 'चन्द्रमस्' म्हणजे झळाळता मास्. विशेषण इतकं चिकटलं की पुढे तेच नाव झालं. चांदोबा आणि चांदी याच घरातले.

हे नुसतं आवाजाचं साम्य नाही हे कशावरून? दोन कसोट्या लावा. पहिली, असाच फरक इतर शब्दांतही नियमाने दिसतो का? संस्कृत 'पञ्च', लॅटिन 'क्वींक्वे'. संस्कृत 'चत्वारः', लॅटिन 'क्वात्तुओर'. 'आणि' या अर्थाचं संस्कृत 'च', लॅटिन 'क्वे'. इथला 'च' तिथे 'क'च्या घरात सापडतो, आणि तो पुन्हा पुन्हा सापडतो. दुसरी, एखादा जुना अवशेष कुठे अडकून राहिलाय का?

तो अवशेष आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. 'हरी' आणि 'चंद्र' जोडले तर 'हरिचंद्र' व्हायला हवं, जसं 'हरिचंदन' होतं. मग 'हरिश्चंद्र'मध्ये मधला 'श्' कुठून आला? पाणिनीलाही हे वेगळं नोंदवावं लागलं. हरिश्चंद्र हे ऋषीचं नाव आहे असं सांगून त्याने त्या रूपासाठी सूत्र केलं. तौलनिक व्याकरण असं सांगतं की या धातूच्या सुरुवातीला पूर्वी 'श्' होता, मूळ शब्द 'श्चन्द्र'. ऋग्वेदात 'पुरुश्चन्द्र', 'सुश्चन्द्र' असे समास आहेत. एकटा असताना शब्दाचा 'श्' गळून गेला, समासाच्या मध्यभागी दोन्ही बाजूंनी आधार मिळाला म्हणून टिकला. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी उभं राहून आपण ते नाव घेतो तेव्हा काही हजार वर्षांपूर्वीचा एक 'श्' आपल्या तोंडात असतो. मला या अख्ख्या शोधात सर्वांत जास्त आनंद या एका अक्षराने दिला.

सातवी पायरी: खोटे नातेवाईक बाहेर काढा

'कँडी'. आवाज जवळचा, आणि खडीसाखरही पांढरी चमकदार. मोह होतो. पण कोश बघितला तर 'कँडी' फ्रेंच, अरबी, फारसी अशी उलट चालत संस्कृत 'खण्ड'कडे जाते, जो आपल्या 'खांडसरी'त आहे. म्हणजे तीही इकडचीच, पण दुसऱ्या घरची.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे गोष्ट सांगणारी व्युत्पत्ती. 'सिन्सिअर' हा शब्द 'मेण न लावलेला' या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आला, कारण लबाड शिल्पकार मूर्तीतल्या भेगा मेणाने बुजवत, ही गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल. कोशकार ती मानत नाहीत. लॅटिन 'सिन्केरुस' म्हणजे अखंड, निर्भेळ, आणि मेणाशी त्याचा संबंध दाखवणारा पुरावा नाही. ज्या व्युत्पत्तीत पात्रं आणि प्रसंग आहेत पण साल नाही, तिला दोन कोश दाखवल्याशिवाय घरात घेऊ नका.

आठवी पायरी: एका कार्डावर उतरवा

सगळं झालं की पोस्टकार्डाएवढ्या जागेत मावेल असं लिहा. माझं कार्ड असं आहे:

कँडिड. विशेषण. लॅटिन कान्दिदुस, झळाळता पांढरा. कान्देरे, झळकणं, अधिक इदुस. सगोत्र: चंद्र, हरिश्चंद्र. उसनवारीने: कंदील. इंग्रजीत 17 वं शतक: पांढरा. 18 वं शतक: निःपक्षपाती, निर्मळ मनाचा. नंतर: स्पष्ट, मोकळं बोलणारा. 1930 च्या सुमारापासून: न सांगता टिपलेला. नाही: कँडी.

भाषांतर करताना मजकुराचं साल बघून या कार्डावरचा शब्द उचला. जुना न्यायनिवाडा असेल तर निःपक्षपाती, ऑस्टिनच्या काळातला स्वभाव असेल तर निर्मळ, आजची मुलाखत असेल तर मोकळी किंवा मनमोकळी. 'परखड' जपून वापरा, त्यात धार आहे आणि कँडिडमध्ये ती दरवेळी नसते. फोटोसाठी 'कँडिड' तसाच ठेवला तरी चालेल, पण 'सहज टिपलेला' हा मला अधिक आवडतो.

हाताला सवय व्हावी म्हणून पुढचा शब्द 'इग्रीजिअस' घ्या. लॅटिनमध्ये त्याची फोड 'कळपातून बाहेर' अशी होते आणि तिथे ती स्तुती होती, म्हणजे चारचौघांत उठून दिसणारा. आज इंग्रजीत तो घोर चुकीसाठी, संतापजनक प्रकारासाठी वापरतात. स्तुतीची निंदा कोणत्या शतकात झाली ते कोशातल्या सालांवरून शोधा, आणि 'ग्रेगेरिअस', 'काँग्रिगेशन' हे त्याच कळपातले आहेत का तेही तपासा.

आईचा तो फोटो आता आला आहे. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. मूठ मिटलेली आहे, आणि दोन बोटांमधून अक्षतांचे चार दाणे बाहेर आलेत.